शबनमची पाठ

१२ एप्रिल १९९८, रविवार

पार्सल आज उघडलं. अरीबा, माझी भाची, लग्न होऊन इंग्लंडला असते. तिने ईदची भेट म्हणून पाठवलेलं बेअरबॅक पॅड, खोगिराऐवजी घोड्याच्या पाठीवर घालायची गादी. माझ्या मुलाने, रईसने, नागपूरहून आणलं, कपाटावर ठेवलं आणि तसाच निघून गेला. वर करडा जाड फेल्ट, खाली मेंढीची लोकर, पोटाखालून एक पट्टा, पुढे धरायला चामड्याची मूठ. लाकूड नाही, लोखंड नाही, रिकीब नाही. टोचेल असं काहीच नाही. शबनमसाठीच केल्यासारखं.

सगळं तारखेनिशी लिहून ठेवणार आहे. उद्या कुणी काही म्हणालं तर माझ्याजवळ लेखी असावं.

शबनम मोठ्या दिरांची. वरातीची पांढरी घोडी. कुरखेड्यापासून वडशापर्यंतचे निम्मे नवरदेव तिच्यावर बसून मांडवात गेले असतील. मागच्या सीझनला जरीच्या खोगिराची आतली फळी तडकली. कुणाच्या लक्षात आलं नाही. खांद्याच्या उंचवट्यावर जखम झाली. जखम भरली, पण तेव्हापासून खोगीर नुसतं दिसलं तरी ती मागचे पाय झाडते. कातडी आधीच नाजूक, माशी बसली तरी पाठभर शहारा जातो. डिसेंबरात दीर गेले आणि घोडी आमच्याकडे आली, कारण अंगण आमचं मोठं.

ईदला शीरखुर्मा संपायच्या आत रईसने विषय काढला. वडशाचे बिरजूशेठ वीटभट्टीसाठी घोडी मागून राह्यले, अम्मी. मेच्या शेवटी घेऊन जातील. मी म्हटलं, वरातीची घोडी विटा वाहणार नाही. तो म्हणाला, वरातीची राहिली कुठे, पाठीवर कुणाला घेते का ती?

मी म्हटलं, मला घेईल.

रईसचे अब्बा पोस्टमास्तर होते. अटीशिवाय काही देत नाहीत. बराच वेळ बडीशेप चघळली आणि म्हणाले, तू शबनमवर बसून गेवर्ध्याला माझ्या बहिणीकडे जा आणि बसूनच परत घरी ये. मग घोडी इथेच राहील. मी तोंड उघडणार नाही.

रईस हसला. त्याची आई सहाव्या वर्षापासून घोड्यावर बसते हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

संकल्प: रोज सकाळी सहाला. खाडा नाही.

१४ एप्रिल

काल खाडा झाला. पाहुणे होते.

पॅडबरोबर सूचनांचा कागद आहे. सुंदर इंग्रजी. माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर अगाथा असत्या तर आम्हाला उभं करून मोठ्याने वाचून घेतला असता. लिहिलंय की संवेदनशील घोड्याला घाई करू नये, पॅड आधी हुंगू द्यावं. कुंपणावर ठेवलं. शबनमने हुंगलं, नाकपुड्या फुलवल्या आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत तिथेच. पाण्याची बादलीही तिथेच न्यावी लागली.

प्रगती समाधानकारक.

१७ एप्रिल

पॅड पाठीवर ठेवलं. उचललं. ठेवलं. कागदात असंच आहे. प्रत्येक वेळी तिची पाठ तळ्यावर वारा यावा तशी थरथरत गेली, कान मागे, डोळे पांढरा भाग दिसेल इतके ताणलेले. पण घोड्याला आपली भीती कळता कामा नये, म्हणून शाळेतल्या संध्याकाळच्या प्रार्थनेची चाल गुणगुणले. फक्त चाल. शब्द ख्रिस्ती आहेत.

कान पुढे आले. पॅड राहिलं.

बुधरी गवताचा भारा घेऊन आली होती. रोजची येते, रोज काहीतरी बोलते. काऊन बाई, घोडीले अंगाई म्हणून राह्यल्या का? आमच्या म्हशीले बी म्हना एखादी, दूध चोरते ते.

तिला म्हटलं, ही पद्धत आहे. ती म्हणाली, हाव, दिसूनच राह्यली.

२० एप्रिल

पट्टा आवळायचा होता. एका वेळी एकच छिद्र, असं कागदात आहे. पहिल्या छिद्राला तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याला दुपट्ट्याचं टोक धरलं. तिसऱ्याला टोक तिच्याकडे राहिलं.

दुपट्टा जुनाच होता.

२३ एप्रिल

बसले.

लिहून ठेवते म्हणजे गैरसमज होणार नाही. रईसच्या अब्बांची जुनी पँट, वर कुर्ता. घोडी ओट्याला लावली. ओट्यावरून उजवा पाय टाकला, पाय पलीकडे गेला, मी मधे आले आणि पॅड माझ्यासकट एका बाजूला फिरलं. पॅडमध्ये लाकडाचा सांगाडा नसतो, त्यामुळे ते पाठीला धरून राहत नाही, फिरतं. कागदात हे दुसऱ्या पानावर आहे. दुसरं पान मी संध्याकाळी वाचणार होते.

एक हात तिच्या गळ्याभोवती, एक टाच पाठीवर, डोकं खाली. तिचा पुढचा खूर माझ्या कानापासून वीतभरावर होता. नालेचा खिळा दिसत होता. पॅड पोटाखाली सरकत होतं आणि तिची कातडी तडतडत होती. आता ही उधळणार आणि मी तिच्याखाली येणार, एवढंच डोक्यात.

ती हलली नाही. दगडासारखी उभी राहिली. मी बोट बोट सरकत जमिनीवर आले तरी उभीच.

रईसचे अब्बा पेपर घेऊन बाहेर आले. कुणाला बोलावू का, म्हणाले. मी म्हटलं, उतरायची हीच रीत आहे. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, प्यालेले नवरदेव सांभाळायची सवय आहे तिला.

त्यांना विश्वास ही चीज कळत नाही.

२४ एप्रिल

विश्रांती. घोडीला.

मला बसता येत नाही, उभ्याने लिहिते आहे.

२८ एप्रिल

वरातीच्या साजातला छातीपट्टा काढला, त्याची घुंगरं कापली आणि पॅडला बांधला. आता फिरत नाही.

बसले. खरोखर बसले. पाठ ताठ, हनुवटी वर, जशी सिस्टर अगाथा डोक्यावर पुस्तक ठेवून चालवायच्या. लोकरीखालून तिची ऊब येत होती. आणि एकदम आलापल्ली आली. माझे अब्बा लाकडाचे ठेकेदार, सागाच्या डेपोवर जायला त्यांचा तांबडा घोडा. सुट्टीत मी नागपूरच्या शाळेतून घरी आले की मला घेऊन जायचे. सकाळी जंगलात गार वास असायचा. ओल्या सालीचा, थोडा लाकडं ओढणाऱ्या हत्तींचा. अब्बा माझ्या मागे बसायचे. लगाम त्यांच्या हातात असायचा, पण चल मीच म्हणायचे. घोडा माझ्या आवाजावर चालायचा.

शबनमला म्हटलं, चल. चालली.

थोडं चालून थांबली. पुन्हा चालली, पुन्हा थांबली. अंगणभर तसंच. मी लगाम ओढायचा विचार करते तोवर ती थांबलेली असते. कागदात घोड्याशी मन जुळण्याचा एक परिच्छेद आहे. लोकांना वर्ष-वर्ष लागतं म्हणे.

२ मे

गल्लीच्या टोकाच्या मोहाच्या झाडापर्यंत गेलो. बसून.

परत येताना मी उतरून चालले. स्वारीनंतर घोड्याला मोकळं चालवून थंड करावं असं कागदात आहे.

५ मे

मोहापर्यंत. परत पायी. गुडघा.

६ मे

मोहापर्यंत आणि थोडं पुढे. परत पायी. बुधरी भेटली, ती पायी होती, आपण वर बसून बोलणं बरं दिसत नाही. उद्यापासून ती यायची नाही, तेंदूपत्ता तोडायला जाणार. गवत तिची पोरगी आणेल. जाता जाता म्हणाली, बाई, मी येईपर्यंत पडू नका, मले पाहाचं हाय.

समोरचे लटारूभाऊ म्हशींना पाणी दाखवत होते. म्हणाले, काऊन बाई, जाताना मेमसाहेब अन् येताना सईस? मी म्हटलं, लटारूभाऊ, याला कूलिंग डाऊन म्हणतात. ते म्हणाले, म्हणत असतीन. घोडी तर थंडीच हाय, तुमीच तापून राह्यल्या.

८ मे

रस्त्यावर नेली. आज पहिल्यांदा.

बाजारपेठेच्या अलीकडे कुणाचा तरी मांडव घातलाय, जांभळाचे डहाळे, दारात केळीचे खुंट. शबनम सरळ चालली होती. मांडव दिसला आणि वळली. मी लगाम ओढला. इकडचा ओढला, तिकडचा ओढला. ती त्याच चालीने आत गेली, मांडवाच्या मधोमध थांबली आणि डोकं खाली घातलं. मांडवात बायका हळद कुटत होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत. एक म्हातारी म्हणाली, मास्तरीणबाई, लगन परवा हाय.

उतरावं लागलं. पन्हं दिलं, नको म्हटलं तर ऐकेनात. मग लाडू. मग नवरी दाखवली, माझीच विद्यार्थिनी निघाली, सातवीत तीनदा बसली होती. शबनमला भिजवलेले चणे मिळाले.

घोडी माणसाळलेली आहे, हे दिसून आलं. पोट भरलेलं होतं म्हणून परत पायी.

११ मे

आज जे झालं ते घरी सांगितलेलं नाही.

वडशाच्या रस्त्यावर होतो. मागून बांबूचा ट्रक. भोंगा वाजवतच आला, बांबूंची टोकं बाहेर लोंबत, रस्त्याला घासत. शबनमचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटले. मी वर गेले आणि ती खाली नव्हती, असं एक क्षण. मग होती. मूठ दोन्ही हातांनी धरलेली, लगाम कुठे होता माहीत नाही. बांबूची टोकं माझ्या गुडघ्याजवळून सरसरत गेली. तिची सगळी पाठ माझ्या मांड्यांखाली कापत होती, माझ्यापेक्षा जास्त कापत होती, आणि तरी ती तिथेच उभी राहिली. धुळीत. मी वर आहे म्हणून.

ट्रकवाल्याने पुढे जाऊन गाडी थांबवली, उतरून आला. बाई, लागलं का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग सोडा की. मी मूठ सोडत नव्हते. सोडता येत नव्हती. त्याने माझं एक एक बोट उघडलं. त्याच्या हातांना डिंकाचा वास होता.

परत पायी. आज कारण लिहीत नाही.

घरी आल्यावर पॅड काढून तिची पाठ बघितली. जुन्या व्रणावर हात फिरवला. शहारली नाही. कितीतरी वेळ फिरवत होते.

१५ मे

रईसचे अब्बा जेवताना म्हणाले, येताना तुला बसून आलेली मी अजून पाहिली नाही.

मी टेक्निक समजावून सांगितलं. ते म्हणाले, गेवर्ध्याहून पण टेक्निकनेच येणार काय, मास्तरीणबाई? मास्तरीणबाई म्हणाले की समजायचं, काळजीत आहेत.

नंतर खिडकीतून पाहिलं. शबनमला गूळ देत होते. माझ्यासमोर म्हणतात, जनावराला गोड घालू नये.

१८ मे

बिरजूशेठ घोडी बघायला आले. जीप घेऊन, पांढरे कपडे, विटकरी धूळ फक्त भुवयांवर. दात बघितले, खूर उचलून बघितले. तिने उचलू दिले. मला ते आवडलं नाही.

पाठीवर हात ठेवून म्हणाले, नाजूक हाय, पण चालते. दोन बाजूले दोन गोण्या टाकल्या का मधे काई लागत नाई. फक्त एक सांगतो, बाई, अडेल जनावर मले नको. भट्टीवर एक जनावर अडलं का मागची समदी लाईन अडते. मागचं खेचर असंच होतं, जिथी मन झालं तिथी उभं. तसं असलं तर आताच सांगा, मी दुसरं पाहातो.

रईसच्या अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही वरातीची घोडी आहे, हिच्यासारखी चाल जिल्ह्यात नाही. अडेल म्हणजे काय हे तिला माहीत नाही.

ते गेल्यावर रईसचे अब्बा म्हणाले, गप्प बसायला शाळेत शिकवलं नाही का कुणी? मी म्हटलं, शिकवलं होतं, पण खोटं बोलायला नाही.

रविवारी गेवर्धा. ठरलं. बिरजूशेठ मेच्या शेवटी येणार, त्याआधी सगळं मिटलेलं असेल.

२४ मे, रविवार

पाय कोमट पाण्यात घालून लिहिते आहे. क्रमाने लिहिणार.

सकाळी उन्हं यायच्या आत निघाले. रईसचे अब्बा फाटकापर्यंत आले, पट्टा स्वतः तपासला, माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि ऊन लागू नये म्हणून कांदा ठेवला. म्हणाले, जमलं नाही तर जमलं नाही. मी म्हटलं, जमणार.

जाताना दृष्ट लागावी असं चालली. अधूनमधून थांबत, पण मी काही घाईत नव्हते. दोन्हीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या, पळसाची नवी पानं. तीन ट्रक गेले, प्रत्येक वेळी तिची पाठ थरथरली आणि माझ्या प्रार्थनेची लय वाढली. आपण पडणार नाही हे हळूहळू मला पटत गेलं. अब्बांची आठवण आली. त्यांना दाखवायला हवं होतं.

गेवर्ध्याच्या अलीकडे वरात. बँड, नाचणारी पोरं, नवरदेव फुलं लावलेल्या जीपमध्ये. मी रस्त्याच्या कडेने पुढे काढायचं ठरवलं. शबनमने ठरवलं नाही. ती जीपच्या पुढे जाऊन, बँडच्या मागे, बरोबर जिथे घोडी असते तिथे शिरली. बँडवाल्यांना वाटलं, नवरीकडच्यांनी पाठवली. जोरात सुरू झाले. पोरांनी माझ्या अवतीभोवती नाचायला सुरुवात केली. एकाने नोट माझ्या डोक्यावरून ओवाळली. पुढे फटाक्यांची माळ फुटली, ठिणग्या तिच्या पायांशी, धुरात काही दिसेना. मी डोळे मिटून मूठ धरली आणि आठवेल ते सगळं म्हटलं, आपलंही आणि सिस्टर अगाथांचंही. ती मात्र पाळण्यासारखी डुलत चालली होती. तिची पाठ इतकी शांत मी कधी अनुभवली नव्हती.

मांडवाच्या दारात बायका ताट घेऊन आल्या. ओवाळायला हात वर केला आणि थांबल्या. एक म्हणाली, आवो माय, हे तर बाई हाय. दुसरी म्हणाली, अन् नवरदेवाहून बरी बसली हाय. मग हसू झालं, मीही हसले, आणि उतरले. कारण मागे जीप खोळंबली होती आणि सगळे मी उतरायची वाट बघत होते. शबनमला कुंकू लावलं. तिने मान पुढे केली.

नणंदबाईंकडे जेवण. ऊन उतरल्यावर त्यांच्या ओट्यावरून बसले. म्हटलं, चल.

चालली नाही.

टाच लावली. लगाम हलवला. गाणं म्हटलं. नणंदबाईंच्या मुलाने पुढून ओढली, दुसऱ्याने मागून ढकलली. नणंदबाई म्हणाल्या, शकिलाभाभी, आमचं घर आवडलं दिसतं तिला. खुरात खडा गेला असेल म्हणून उतरले, आणि पाय जमिनीला लागतो न लागतो तोच ती वळून घराच्या रस्त्याला लागली. दोरी माझ्या हातात, मी मागे धावते आहे.

नाल्याच्या पुलावर कठड्यावर चढून पुन्हा बसले. थांबली. उतरले. चालली. पुढे मैलाच्या दगडावरून बसले. थांबली. उतरले. चालली.

तेव्हा त्या दगडावर बसून विचार केला, आणि मला कळलं. नवरदेव घोडीवर बसून मांडवात जातो. परत जातो नवरीबरोबर, जीपमधून, ट्रॅक्टरमधून, एसटीतून. घोडी रिकामी घरी येते. नेहमीच. हिने आजवर एकाही माणसाला परत आणलेलं नाही. पाठीवर माणूस असला की मांडवाकडे जायचं. पाठ रिकामी झाली की घर. ती हट्ट करत नव्हती, आपलं काम करत होती. नेमकं, चोख, वर्षानुवर्षं.

हे आमच्या घरात कुणालाच सुचलं नाही. दिरांनाही नाही. मला सुचलं. इतका आनंद झाला की अट विसरले.

अट घराजवळ आल्यावर आठवली. फाटकासमोर बिरजूशेठची जीप उभी होती. आठवडाभर आधी आले होते. इकडे दुसऱ्या कामाने आले, म्हणून परतण्याआधी आजच सोक्षमोक्ष लावायला. रईसचे अब्बा आणि ते रस्त्यात उभे, मला बघत. लटारूभाऊ म्हशी सोडून आलेले.

पायी आत गेले असते तर घोडी गेली असती. म्हणून लटारूभाऊंच्या हौदाच्या काठावर चढले आणि बसले. सगळ्यांसमोर. शबनम थांबली. फाटक समोर, तिची बादली दिसते आहे, आणि ती उभी. मी वर, पाठ ताठ. मी इकडे तिकडे बघितलं नाही, फक्त तिच्या दोन कानांच्या मधून फाटक बघत होते. पाऊल टाक, म्हटलं. एकच टाक. ती श्वास घेत होती. पॅड घामाने भिजलं होतं, तिच्याही आणि माझ्याही.

बिरजूशेठ पुढे आले, दोरी ओढली, जिभेने आवाज काढला, पुठ्ठ्यावर थाप मारली. काही नाही. ते मागे सरले. म्हणाले, अडेल हाय हो पोस्टमास्तर. आपल्या दारात येत नाई, भट्टीवर काय चालन? नको मले.

आणि जीपकडे वळले.

रईसच्या अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मोठे करून, पाहुण्यांसमोर मी जास्त बोलायला लागले की पाहतात तसं. मला वाटलं ते म्हणतायत, बोल.

अडेल हा शब्द मला सहन झाला नाही. गल्लीतल्या सगळ्यांसमोर. मी म्हटलं, थांबा बिरजूशेठ, गैरसमज होतोय. आणि समजावून सांगितलं. सुरुवातीपासून, मुद्देसूद, सातवीच्या वर्गाला समजेल असं. मग प्रात्यक्षिक दाखवलं. मी उतरले, शबनम सरळ फाटकातून आत, आपल्या जागेवर. एकटी. पुन्हा बाहेर आणली, बसले, थांबली. उतरले, गेली. लटारूभाऊंनी टाळी वाजवली.

बिरजूशेठ जीपपासून परत आले. मग हळूच विचारलं, म्हणजे बाई, पाठीवर वजन असलं का जाते, अन् खाली झाली का एकटीच परत येते? मागं माणूस नाई लागत?

मी म्हटलं, अगदी बरोबर. वर्गात एखाद्याला कळलं की जसं वाटतं तसं वाटलं.

ते म्हणाले, आमच्या भट्टीवर हेच तं काम हाय, बाई. भट्टीपासून थप्पीपर्यंत भरलं जायचं, थप्पीपासून भट्टीपर्यंत रिकामं यायचं. एकेका जनावरामागे मले एक पोट्टा लागते परत हाकलायले. असं जनावर मी कधीचं शोधून राह्यलो.

रईसचे अब्बा ओट्यावर बसले. खाली बघत होते. लटारूभाऊ म्हशींकडे गेले.

जे खरं होतं ते मी सांगितलं. लिहून ठेवते.

२५ मे

नेली. अट मोडली ती मीच. जीपमागे बांधून नाही, एक माणूस हळू चालवत घेऊन गेला. पाठ रिकामी होती, तरी घराकडे वळली नाही. पुढे दोरी होती.

२७ मे

बुधरी जंगलातून परत आली. गवताचा भारा अंगणात टाकला, बादली बघितली. भारा उचलून लटारूभाऊंकडे नेला.

२ जून

रोज सकाळी सहाला जाग येते. सवय लागली तर.

संकल्प: वडशाला जाऊन बिरजूशेठना घोडीच्या पाठीविषयी काही सूचना द्यायच्या. लेखी.

९ जून

एसटीने वडशाला. रईसचे अब्बा बरोबर आले, कारण सांगितलं नाही, टोपी घातली आणि आले.

भट्टी गावाबाहेर, नदीच्या बाजूला. धूर, ऊन, सगळं लाल. पावसाच्या आत विटा हलवायच्या म्हणून घाई चाललेली. ओळखायला वेळ लागला, कारण आता ती पांढरी नाही. दोन्ही बाजूंना विटांच्या गोण्या, मधे पाठ मोकळी. थोडं चालून थांबायची ती वरातीतली सवय गेली आहे. थप्पीशी आपणच थांबली. बायकांनी गोण्या रिकाम्या केल्या. ती वळली आणि निघाली, मागेपुढे कुणी नाही, दोरीही नाही.

आमच्या अगदी जवळून गेली. मी हाक मारली. चाल जराही न बदलता पुढे गेली, भट्टीकडे, जिथून पुन्हा भरायचं होतं.

बिरजूशेठ म्हणाले, बाई, लाखात एक हाय. मी लिहून आणलेला सूचनांचा कागद दिला. त्यांनी खिशात ठेवला.

परतीच्या एसटीत बसलो. आरमोरीचा फाटा मागे गेल्यावर रईसचे अब्बा म्हणाले, तू हाक मारलीस तेव्हा तिने कान वळवला होता.

मी नीट बघितलं नव्हतं, धूर होता. पण पोस्टात आयुष्य गेलेला माणूस न पाहिलेलं सांगत नाही.